खंडेनवमीला विश्रांती दिलेली पेटी

तळवड्याच्या मंजुळाबाईंच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची होती. ज्यांना काही येत नाही आणि जी गप्प बसतात, ती पहिली. ज्यांना काही येत नाही आणि जी मोठ्या गाडीतून फिरतात, ती दुसरी. स्वतःला त्या दोन्हींत धरत नसत. त्यांचा प्रकार तिसरा, आणि त्या प्रकारात त्या एकट्याच होत्या.

दुसऱ्या प्रकाराचा एक नमुना त्यांच्या पोटीच आलेला होता. कुलदीप. ज्या रानात मंजुळाबाईंनी वाकून वाकून ज्वारी खुरपली, त्या रानात ह्यानं पत्र्याचे गाळे ठोकले, भाड्यानं दिले आणि गळ्यात कासऱ्याएवढी जाड चेन घालून मोकळा झाला. एका गाळ्यात लेथ, एकात प्रेस, एकात पावडर कोटिंग. दिवसभर धडाडधूम चाललेलं, आणि मधे हा खुर्ची टाकून बसलेला, जणू सगळी यंत्रं ह्याच्याच फुंकरीवर फिरतात. कुणी विचारलं, काय करता दादा, तर म्हणायचा, "इंडस्ट्री." ओट्यावरनं मंजुळाबाई ओरडायच्या, "पत्रा भाड्यानं देतो म्हण की!"

शेवटच्या गाळ्यात एक लॅब आली आणि कुलदीपचे पाय जमिनीला लागेनासे झाले. चौकात फ्लेक्स लागला, 'कुलदीपदादा बायोटेक पार्क'. खाली ह्याचा हात जोडलेला फोटो, मागं कुठल्यातरी परदेशातल्या काचेच्या इमारती. एका गाळ्याचा पार्क! मंजुळाबाई त्या फ्लेक्सखालनं भाजी आणायला जायच्या तेव्हा पदर तोंडावर घ्यायच्या. उन्हामुळं नव्हे.

लॅब डॉक्टर सुजितची. डॉक्टर म्हटल्यावर पहिल्याच दिवशी मंजुळाबाईंनी त्याच्यापुढं गुडघा काढून ठेवला होता. तो हसून मागं सरला. "आजी, मी तसला डॉक्टर नाही."

"मग कसला?"

"ते जरा अवघड आहे. सांगून कळायचं नाही तुम्हाला."

झालं. गुडघा बघत नाही तो डॉक्टर आणि सांगता येत नाही तो धंदा. मंजुळाबाईंनी त्याला तिथल्या तिथं दुसऱ्या प्रकारात टाकलं आणि परत कधी बाहेर काढलं नाही.

त्या लॅबमध्ये प्रत्यक्ष काम करणारं माणूस एकच, स्वप्नाली. अंबाजोगाईची पोरगी, बाप एसटीत कंडक्टर. एमएस्सी झालेली आणि मंजुळाबाईंच्याच घरात माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहणारी. भाडेकरूंबद्दल मंजुळाबाईंचं मत असं, की ती बादल्या मोडतात, नळ गळते ठेवतात आणि जाताना भिंतीला खिळे सोडून जातात. स्वप्नालीनं अजून बादली मोडली नव्हती, पण मोडेल ह्याची मंजुळाबाईंना खात्री होती.

"काय गं, आज किती उंदरं मारली?" रोज संध्याकाळी ती जिना चढायला लागली की ओट्यावरनं प्रश्न यायचा.

"मी नाही मारत ओ आजी. चाकणहून कापूनच येतंय समदं."

"तेच ते. खाटकाकडं मटण कापायला बसणारा पण हेच म्हणतो."

पोरगी चिडायची नाही. उलट एकदा पायरीवर बसून तिनं सगळं फोड करून सांगितलं. चाकणच्या एका औषध कंपनीनं उंदरांना नवं औषध दिलेलं होतं. ते औषध लिव्हरमध्ये जाऊन एका ठराविक प्रोटीनवर काम करतंय का, हे बघायचं होतं. त्यासाठी लिव्हरचा तुकडा कुटून त्याचा अर्क काढायचा.

"पण कसंय आजी, पेशी फुटली की प्रोटीन बाहेर येतंय, अन् त्याला कुरतडणारं पण त्याच्यासंगंच बाहेर येतंय. एका पेशीतलेच दोघं. आधी मधी भिंत असती. भिंत पडली की कुरतडायला सुरुवात."

"वाटणी झालेल्या भावांसारखं."

स्वप्नाली हसली. "बरोबर तसंच. म्हणून मी समदं बर्फावरच करते. गारठलं की कुरतडणारं मुकाट पडतंय. वर त्याचं तोंड बांधायचं एक औषध घालते. मग बारक्या बारक्या नळ्यांत वाटून त्या मोठ्या पेटीत ठेवते. नळी एकदाच काढायची, वापरायची, संपवायची. वितळलं, परत गोठलं, परत वितळलं की गेलं कामातून."

"आन् शेवटी काय मिळतं?"

"शेवटी ते एका पातळ पडद्यावर उतरवायचं, रंगवायचं. नीट राहिलं असंल तर एक काळी रेघ येती."

"रेघ?"

"एकच. स्वच्छ."

मंजुळाबाईंनी मिश्रीचं बोट थांबवलं. "एका रेघंसाठी आईबाप सोडून इथं येऊन राह्यलीस?"

"व्हय," पोरगी त्यांच्याच बोलीत म्हणाली आणि माडीवर गेली. आगाऊ. पण सांगून कळायचं नाही असं ती म्हणाली नव्हती, एवढं मंजुळाबाईंनी ध्यानात ठेवलं.

ती पेटी म्हणजे कपाटाएवढा फ्रीजर. घरातला फ्रीज तिच्यापुढं उन्हाळा वाटावा अशी थंडी आत. डॉक्टरनं ती कुठूनतरी जुनी उचललेली होती. नव्या पेट्या आत किती गार होतं, कधी बंद पडलं, हे सगळं स्वतःच लक्षात ठेवतात म्हणे. हिचा तो भाग केव्हाच मेला होता. काचेच्या दाराला, सोफ्याला आणि स्वतःच्या नावाच्या पितळी पाटीला डॉक्टरचा हात सैल, आणि जिच्यावर धंदा उभा ती पेटी कुणीतरी टाकून दिलेली. मंजुळाबाईंना ह्यात नवल वाटलं नाही. माणूस बोलायला लागला की त्याच्या घरात काय काय जुनं असेल ते त्यांना कळायचं.

नवरात्र आलं. जायच्या आधी स्वप्नालीनं एक नळी काढून चालवून बघितली होती. रेघ आली, स्वच्छ, एकच. आता दसरा करून आल्यावर बाकीच्या नळ्या चालवायच्या आणि चाकणला निकाल द्यायचा, असा बेत होता. निघताना तिनं डॉक्टरला सांगितलं, "सर, पूजेला कुलदीपकाका गाळा उघडतील. फ्रीजरला हात लावू नका म्हणून तेवढं सांगा त्यांना."

"हो हो, सांगतो," डॉक्टर फोनमध्ये बघत म्हणाला. त्यानं कुलदीपच्या हातात किल्ली दिली, 'मस्त पूजा करा दादा' म्हणाला आणि बाणेरला आपल्या घरी गेला. सांगायचं तेवढं राहून गेलं.

खंडेनवमी म्हणजे ह्या पट्ट्यात यंत्रांचा सण. भोसरीपासून चाकणपर्यंत ज्याच्याकडं साधं ड्रिल मशीन आहे तोसुद्धा त्या दिवशी ते धुतो, पुसतो, झेंडूची माळ घालतो. कुलदीपचा ह्यात हात धरणारा कुणी नव्हता. त्याचा नियम कडक. नवमीला सकाळी सगळ्या गाळ्यांचा मेन स्विच खाली. वर्षभर राबलेल्या यंत्रांना विश्रांती. आतूनबाहेरून सफाई, हळदकुंकू, आरती. मग दसऱ्याला नारळ फोडल्याशिवाय स्विच वर जायचा नाही. बापाच्या श्राद्धाची तिथी ह्याला आईनं सांगावी लागायची, पण हे पाठ.

लेथ झाला, प्रेस झाला, मग मिरवणूक लॅबमध्ये आली. मंजुळाबाईंना डॉक्टरच्या चाकाच्या खुर्चीत बसवलं. पंखा बंद, एसी बंद, काचेचं दार लावलेलं. अंगाला घामाच्या धारा.

"अरं पंखा तरी लाव!"

"आई, मेन खाली हाय. आज यंत्राला विश्रांती."

"यंत्राला विश्रांती आन् आईला भाजायचं."

कुलदीपनं ऐकलं नाही. त्यानं बाह्या सरसावल्या आणि पेटीचं दार उघडलं. आतनं पांढरी वाफ लोळत बाहेर आली. ती बघून त्याला देवळातल्या धुपाची आठवण झाली असावी, कारण त्यानं हात जोडले. मग आतले नळ्यांचे डबे काढून टेबलावर एकावर एक रचले, काही आडवे, काही उभे. फडकं घेतलं आणि लेथचं तेल पुसावं तसं आतलं सगळं हिव खरवडून पुसून काढलं.

तेवढ्यात पेटी वाजायला लागली. टीं टीं टीं. मेन बंद असूनही वाजत होती. तिच्या पोटात कुठंतरी जीव शिल्लक असणार.

"हे काय रडतंय?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"काय न्हाई, सेन्सर असंल," कुलदीप म्हणाला. आरतीत तसला आवाज बरा दिसेना. दिसतील ती बटणं तो दाबत गेला आणि शेवटी पेटी गप झाली. मग डबे आत गेले, दार लागलं, दाराला माळ चढली. मंजुळाबाईंनी स्वतःच्या बोटानं कुंकू लावलं. फोटो निघाला. दसऱ्याला दुपारी नारळ फुटला, स्विच वर गेला, पेटी पुन्हा घुंघुं करायला लागली. कुणाच्या मनातसुद्धा काही आलं नाही.

स्वप्नाली गावाहून आली, आपट्याची पानं मंजुळाबाईंच्या हातावर ठेवून पाया पडली आणि कामाला लागली. दोन-तीन दिवसांत तिचा चेहरा उतरला. मग संध्याकाळी ओट्यावरनं विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच येईना. एका रविवारी दुपारी मंजुळाबाई वाळत घातलेल्या कुरडया राखायला गच्चीवर गेल्या, तर पोरगी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून रडत होती.

"कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग रडायला काय झालं? कुरडयांवर पाणी पडंल, तिकडं सरक."

तिनं सांगितलं. एकही रेघ नीट येत नव्हती. जिथं एक काळी पट्टी यायला हवी तिथं फिकट डाग, आणि खाली सगळीकडं तुकडेच तुकडे, फरफटत गेल्यासारखे. प्रोटीन कुरतडलं गेलं होतं. सगळ्या नळ्यांत. डॉक्टरनं शेजारच्या गाळ्यांतल्या माणसांसमोर झापलं होतं. बर्फावर ठेवलंच नसशील, तोंड बांधायचं औषध घालायलाच विसरली असशील, खेड्यातल्या कॉलेजातनं आणलेली माणसं अशीच. बुधवारी चाकणच्या कंपनीची मॅडम येणार होती. तिच्यापुढं डॉक्टर सांगणार होता की चूक ह्या मुलीची आहे आणि हिला काढलेलं आहे.

"एकदा असं नाव गेलं ना आजी, मग कोणतीच लॅब दारात उभं करत नाही. ह्या लाइनीत समदे एकमेकाला ओळखतेत."

"पैली तर नीट आली व्हती म्हनलीस."

"आलती. सर म्हणतेत, ती नशिबानं आली." तिनं नाक पुसलं. "नळ्यांत पण बघितलं मी. उभ्या ठेवलेल्या होत्या, तर बर्फ तळाला पाहिजे ना? काहींत झाकणाला चिकटलेला. म्हणजे मधी वितळून परत गोठलं. मी काकांना विचारलं, लाइट गेलती का. ते म्हणले, अजिबात नाही, मिनिटभर पण नाही. मग माझंच चुकलं असंल. नळ्या भरताना मीच आडव्या धरल्या असतील. आता तर मला औषध घातल्याचं पण नीट आठवंना गेलंय."

टीं टीं टीं. तो आवाज मंजुळाबाईंच्या कानात जसाच्या तसा उभा राहिला.

त्यांना पोरीची दया आली असं म्हणणं खोटं होईल. त्यांना किळस आली. आधी पोरीची. एवढी शिकलेली, स्वतःच्या हातानं औषध घातलेलं, आणि दोन पुरुषांनी आवाज चढवला की लगेच म्हणते माझंच चुकलं असेल. मग डॉक्टरची. आणि शेवटी, सगळ्यात जास्त, ज्याला त्यांनी नऊ महिने वाहिलं त्याची.

"कावळे बघ जरा," म्हणून त्या जिना उतरल्या.

कुलदीप खाली सोफ्यावर पाय पसरून बसला होता. मंजुळाबाईंनी टीव्ही बंद केला.

"लाइट गेली व्हती का खंडेनवमीला?"

त्यानं आईकडं बघितलं आणि लगेच नजर पायाकडं नेली. "न्हाई... म्हंजी गेली न्हाई. आपण बंद केली व्हती."

"मंग त्या पोरीला काय सांगितलंस?"

"आई, तिनं विचारलं लाइट गेली व्हती का. तर लाइट काय गेली न्हाई."

"वा! वकील झाला माझा लेक. पत्रेवाला वकील."

"तू समजून घे की जरा. सरांना म्या सांगितलंय. फोनवर. ते म्हनले, दादा, आता कुठं बोलू नका. कंपनीला कळलं की पेटी बंद पडली व्हती, तर म्हणतील इथं सोयच न्हाई. सर लॅब उचलून हिंजवडीला नेतील. मंग आपल्या पार्कचं काय? लोक फ्लेक्सखाली उभं राहून हसतील."

"आत्ता काय करतात?"

"आन् ती काय, भाडेकरू हाय. आज हाय, उद्या मारुंजीला न्हाईतर दिघीला. दुसरी येईल."

"म्हंजी त्याला ठावं हाय, तुला ठावं हाय, आन् दोघं मिळून एका पोरीच्या डोक्यावर टाकून मोकळे. एक कमी व्हता का?" मंजुळाबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "पेटी रडत व्हती तवा बटण दाबून गप केलीस. आता पोरगी रडती, तिचं बटण कुठंय ते शोधतोय. बुधवारी ती बाई आली की तू सांगायचं. तुझ्या तोंडानं."

"बघू."

"बघू न्हाई."

"बरं, सांगतो," कुलदीप म्हणाला आणि आई आत गेल्यावर टीव्ही परत लावला. मंजुळाबाईंनी आवाज ऐकला. हा सांगणार नाही हे त्यांना तिथंच कळलं. हा लहानपणी चिंचा चोरायचा तेव्हासुद्धा पळताना धाकट्या भावाला मागं सोडायचा.

बुधवारी मंजुळाबाईंनी इरकल नेसली. कुंकू ठसठशीत. त्या गाळ्याशी पोचल्या तेव्हा चाकणच्या रुपालीमॅडम येऊन बसल्या होत्या. साधा कुर्ता, पायात बूट, समोरच्या काजूकतलीला हात न लावलेला. डॉक्टर हात हलवून हलवून बोलत होता. कुलदीप भिंतीशी उभा, चेन शर्टाच्या आत. स्वप्नाली कोपऱ्यात, मान खाली.

"आजी, जरा मीटिंग चालू आहे," डॉक्टर गोड आवाजात म्हणाला. "नंतर याल?"

"गाळा माझ्या नावावर हाय. तू नंतर ये." त्यांनी चाकाची खुर्ची ओढली आणि तीत बसल्या.

डॉक्टर कसनुसं हसला आणि मॅडमकडं वळला. "तर मी सांगत होतो, सॅम्पल आमच्याकडं आले तेव्हा उत्तम होते. हाताळणीत निष्काळजीपणा झाला. बर्फाचा वापर नाही, इन्हिबिटर घातलेला नाही. नवी मुलगी आहे. आम्ही तिला आजच कमी करतोय."

"फ्रीजरचं काय?" मॅडमनं विचारलं. "बंद पडला होता का कधी?"

"अजिबात नाही. आमचे जागामालक इथंच असतात. विचारा त्यांना."

मॅडमनं कुलदीपकडं बघितलं. मंजुळाबाईंनीही बघितलं. कुलदीपनं घसा खाकरला, भिंतीकडं बघितलं, पेटीवरच्या सुकलेल्या माळेकडं बघितलं आणि म्हणाला, "लाइट... न्हाई गेली."

स्वप्नालीची मान आणखी खाली गेली.

"बंद व्हती," मंजुळाबाई म्हणाल्या. "नवमीला सकाळपासून दसऱ्याच्या दुपारपर्यंत. मी ह्याच खुर्चीत घामानं भिजत बसले व्हते. दार उघडून आतून पुसली. डबे ह्या टेबलावर उन्हाळ्यातल्या वाळवणासारखे पडलेले. पेटी बोंबलत व्हती, तिला ह्यानं गप केली. कुंकू मी लावलं, ते बघा दारावर."

डॉक्टर पुढं झुकला आणि मॅडमला हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मनावर घेऊ नका. आजींचं वय झालंय. त्यांना हल्ली... थोडा गोंधळ होतो डोक्यात. मागच्या वर्षीची पूजा आठवत असेल."

मागच्या वर्षी लॅब तिथं नव्हतीच. पण ते सांगायला मंजुळाबाईंनी तोंड उघडण्याआधी भिंतीकडनं आवाज आला.

"ए सर."

कुलदीप पुढं आला होता. कान लाल झालेले.

"काय म्हनला आत्ता? परत म्हना."

"दादा, तुम्ही शांत..."

"आईच्या डोक्यात गोंधळ? माझ्या आईच्या? आवं, तुमच्या अख्ख्या लॅबचं डोकं एकीकडं आन् माझ्या आईचं एकीकडं! म्या सांगतो मॅडम. मेन म्या बंद केला. ह्या हातानं. डबे म्या काढले. बटण म्या दाबलं. आन् ह्यांना फोन करून सांगितलं, तर हे म्हनले, दादा, कुठं बोलू नका, पोरगी हाय ना नाव घ्यायला!"

"मला कुणी सांगितलं नव्हतं पूजेत फ्रीजर..." डॉक्टर म्हणाला.

"मी सांगितलं होतं, सर." स्वप्नालीनं पहिल्यांदा मान वर केली. "जाताना. तुम्ही 'हो हो' म्हणलात."

रुपालीमॅडम उठल्या. हातमोजे चढवले, पेटी उघडली आणि खालचा खण अर्धा ओढला. कोपऱ्यातल्या हिवात झेंडूची एक पाकळी कडक होऊन चिकटलेली होती. त्यांनी ती चिमट्यानं उचलून टेबलावरच्या डॉक्टरच्या नावाच्या पाटीजवळ ठेवली आणि पेटीचं दार लावलं.

"काम देताना मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या, "पेटी तापमानाची नोंद ठेवते का. तुम्ही म्हणालात, लवकरच नवी घेतोय."

डॉक्टरनं ती पाकळी बोटानं पाटीपासून लांब सरकवली. इतके दिवस बोलबोल बोलणारा माणूस, आणि बोलायची खरी वेळ आली तर आत काही नाहीच. मंजुळाबाईंना ते आधीपासून ठाऊक होतं.

"ह्या नळ्या टाकून द्या," मॅडम म्हणाल्या. "लिव्हरचे उरलेले तुकडे आमच्याकडं चाकणला आहेत. काम पुन्हा होईल, पण एक अट आहे. हात हिचेच हवेत. पहिली रेघ हिनं आणलेली आहे, ती नशिबानं येत नसते. आणि आमच्या अहवालात फ्रीजर बंद होता असं लिहिलं जाईल, कुणी बंद केला आणि कुणी लपवलं ते पण. चालेल?"

"चालेल, चालेल," डॉक्टर म्हणाला. त्याला दुसरं काय चालणार होतं? तो स्वप्नालीकडं बघून हसलाही. माफी मागितली नाही. त्याच्याकडं ती नसणारच, जुनीसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर कुलदीप आईच्या बाजूनं चालायला लागला. छाती जरा पुढं आलेली. "बघितलंस ना आई, कसं सांगितलं? तोंडावर."

"बघितलं," मंजुळाबाई म्हणाल्या. "पोरीचं नाव चाललं व्हतं तवा तुझ्या तोंडाला कुलूप. मला येडी म्हनला तवा उघडलं. खरं बोलायला सुदीक तुला आधी राग यावा लागतो. किल्ली आण."

"कसली?"

"मेन स्विचच्या खोलीची. सगळ्या गाळ्यांची."

"आई, आगं लोक काय म्हणतील? पार्कचा मालक म्या..."

"पार्क?" त्यांनी नुसतं बघितलं. कुलदीपनं कमरेचा जुडगा काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो कनवटीला खोचला आणि तो परत कधी सुटला नाही.

दिवाळी सरल्यावर एका संध्याकाळी स्वप्नाली जिना न चढता ओट्याशी थांबली. तिच्या हातात फोन होता. तिनं तो मंजुळाबाईंच्या डोळ्यांसमोर धरला. पांढऱ्यावर एक काळी रेघ, तिच्या शेजारी दुसरी, तिसरी. सगळ्या एका ओळीत, खाली काही सांडलेलं नाही.

"आली, आजी."

मंजुळाबाईंनी चष्मा वर-खाली करून बराच वेळ बघितलं. "एवढीशीच?"

"एवढीच असती."

"मला वाटलं जरा ठळक येत असंल. ह्याच्याहून बरं काजळ आमची म्हस घालती डोळ्यांत." त्यांनी फोन परत दिला. "कुरडयांचा डबा वर ने. तळून खा. आन् बादली जपून वापर."

पोरगी हसत वर गेली. मंजुळाबाईंनी कनवटीचा जुडगा चाचपला, देवघरातनं कुंकवाची कोयरी उचलली आणि शेवटच्या गाळ्याकडं निघाल्या. सण नव्हता, वार नव्हता. डॉक्टर सोफ्यावर बसला होता, तो उठून उभा राहिला. त्याच्याकडं त्यांनी बघितलं नाही. पेटी घुंघुं करत होती. दारावरचं नवमीचं सुकलेलं कुंकू त्यांनी नखानं खरवडून काढलं. ते बंद पेटीला लावलेलं होतं, ते राहून उपयोग नव्हता. मग बोट बुडवून चालत्या पेटीला नवं लावलं, आणि आतली घरघर तळव्याला लागेपर्यंत हात तसाच दारावर ठेवला.

"आता राब," त्या पेटीला म्हणाल्या. "इथं विश्रांती घ्यायला लई जण हायत."